गावात माणसं कमी, कुलपं जास्त: कोकणातल्या छोट्या गावाची लोकसंख्या आणि उत्पन्न कसं वाचायचं

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यातलं चार वाड्यांचं एक गाव. लागोपाठच्या दोन जनगणनांत लोकसंख्या घटलेली. जिल्हा परिषद शाळेचा पट दहाच्या खाली. त्याच गावात चिऱ्याची नवी घरं मात्र उभी राहतायत, आणि गणपतीत रस्त्याकडेला गाडी लावायला जागा मिळत नाही. पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका ग्रामपंचायत सदस्याने विचारलंय: "आमचं गाव गरीब होतंय की श्रीमंत? आणि विकास आराखड्यात लोकसंख्या आणि उत्पन्न या दोन रकान्यांत लिहायचं काय?"

गेली सव्वीस वर्षं मी कोकणात घरोघर फिरून हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक धीराची गोष्ट. तुमचं गाव यात एकटं नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली, पण तीन जिल्ह्यांत ती घटली: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. या यादीत मुंबई शहराचं नाव बघून चक्रावू नका. लालबाग-परळच्या गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, आणि तिथला कोकणी माणूस दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरारला गेला. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी फुगला. म्हणजे तुमच्या गावातलं घर आणि मुंबईतली खोली ही दोन्ही टोकं एकाच वेळी रिकामी होत होती आणि माणूस तिसरीकडेच जमा होत होता. गावाची कहाणी निम्मीच गावात घडते, हे आधी मनाशी पक्कं करा.

आता तुमच्या आकड्याकडे येऊ. जनगणनेतला गावाचा आकडा म्हणजे फेब्रुवारी महिन्यातलं गाव. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत झाली, आणि त्या वीस दिवसांत जो घरी अजिबात नव्हता त्याला त्या घराच्या यादीत धरलं नाही. कोकणात फेब्रुवारी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. गणपती होऊन पाच-सहा महिने झालेले, त्या वर्षी होळी १९ मार्चला, आणि मे महिना तर लांबच. चाकरमानी गावात असण्याची शक्यता वर्षभरात सगळ्यात कमी असते ती याच दिवसांत. शिवाय याच काळात आंब्याच्या बागांत राखणीला आणि फवारणीला नेपाळी गडी असतात, चिरेखाणींवर कर्नाटकातली कुटुंबं असतात. ती त्या वीस दिवसांत तिथेच राहत असतील तर तुमच्या गावात मोजली जातात. तुमच्या घरातला नालासोपाऱ्याचा भाऊ गावच्या आकड्यात नाही, आणि बागेतल्या मांगरात राहणारा नेपाळी मात्र आहे.

यात जनगणनेची काही चूक नाही. ती जे मोजायचं ठरवते तेच मोजते. चूक आपली, की आपण त्या आकड्याला 'गाव' समजतो.

उलट बाजूची चूक मी स्वतः केली आहे. अगदी सुरुवातीच्या काळात एका गावाचं सर्वेक्षण आम्ही गणपतीच्या आठवड्यात उरकलं. सगळे घरी भेटतात, एका दिवसात वाडी पुरी होते, चहा-मोदक वेगळेच. परत येऊन बेरीज केली तर गाव जनगणनेपेक्षा दीडपट निघालं. आमच्या वरिष्ठांनी तो कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "या माणसांना मार्चमध्ये पाणी कोणत्या विहिरीचं देणार आहात?" तेव्हापासून मी माणसं डोक्यांनी मोजत नाही, महिन्यांनी मोजतो. घरातला प्रत्येक माणूस गेल्या बारा महिन्यांत गावात किती महिने होता, एवढा एकच प्रश्न. आजी बारा, निवृत्त काका आठ, मुंबईतला मुलगा एक. बेरजेला बाराने भागलं की गावावर वर्षभर प्रत्यक्षात किती माणसांचा भार आहे ते कळतं. पाणी, कचरा, आरोग्य उपकेंद्र यांचं नियोजन या आकड्यावर करा. नळयोजनेची क्षमता मात्र मे महिन्याच्या आणि गणपतीच्या आकड्यावर तपासा, नाहीतर सणात टाकी कोरडी पडते आणि शिव्या तुम्हाला बसतात.

माणसं मोजायला नवी यंत्रणा लागत नाही. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्या नोंदवह्या उघडा. कुठल्या घरात कोण आहे, कोण गरोदर आहे, कोण मुंबईला गेलं, हे त्यांच्याइतकं तलाठ्यालाही माहीत नसतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीची वही, घेतला की घरांची यादी मिळते. मतदार यादीच्या मात्र वाटेला जाऊ नका. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला मुंबईहून गाड्या भरून मतदार येतात, हे तुम्ही निवडून आलात तेव्हा पाहिलंच असेल.

जन्म-मृत्यूच्या नोंदवहीबद्दल मुद्दाम सांगतो, कारण तिथे भलेभले फसतात. १९६९ च्या कायद्याप्रमाणे नोंद घटना जिथे घडते तिथे होते. बाळंतपण तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात, नाहीतर सून मुंबईत असेल तर तिकडेच. त्यामुळे जन्माची नोंद गावच्या वहीत येत नाही. म्हातारं माणूस मात्र शेवटी गावच्या घरातच डोळे मिटतं, काही तर आजारपणात मुद्दाम गावी आणलेले असतात. ती नोंद गावात होते. नुसती वही बघितलीत तर वाटेल गावात वर्षाला बारा माणसं मरतात आणि जन्म शून्य. एका आराखड्यात मी खरंच 'गावाचा जन्मदर शून्य' असं छापलेलं वाचलंय.

जन्म कमी झालेत हे खरंच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुलं, १.७ निघाला. पिढी जेमतेम टिकायलासुद्धा तो २.१ च्या आसपास लागतो. म्हणजे उद्या एकही माणूस गाव सोडून गेला नाही, तरी शाळेचा पट आजोबांच्या काळासारखा भरणार नाही. शाळेतली घट दोन वेगळ्या कारणांची आहे: मुलंच कमी जन्मतायत, आणि जी जन्मतायत त्यांच्या आया आता मुंबईत राहतात.

हा दुसरा भाग नीट समजून घ्या, कारण गेल्या पन्नास वर्षांतला खरा बदल तोच आहे. गिरणीच्या काळात पुरुष एकटा जायचा. दहा-पंधरा जण मिळून एका खोलीत राहायचे, खाणावळीत जेवायचे. बायको गावी शेत, गुरं, सासू-सासरे आणि पोरं सांभाळायची. म्हणून रत्नागिरीत हजार पुरुषांमागे २००१ मध्ये १,१३६ आणि २०११ मध्ये १,१२२ स्त्रिया दिसतात. बाहेरचे लोक याचा अर्थ 'स्त्रियांची स्थिती उत्तम' असा लावतात आणि मला हसू येतं. तो आकडा बाईच्या मानाचा नाही, पुरुष घरी नसल्याचा आहे. सिंधुदुर्गात तो दहा वर्षांत १,०७९ वरून १,०३६ वर आला. माझा अनुभव सांगतो की यात मोठा वाटा नवऱ्यामागून मुंबईला गेलेल्या बायकांचा आहे. पुरुष एकटा गेला तेव्हा गावातलं घर चालू राहिलं. बाई गेली की घराला कुलूप लागतं, गोठा रिकामा होतो, आणि शाळेतली दोन नावं कमी होतात.

आता पैशाकडे. टपाल खात्याने १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू केली आणि कोकणाला तेव्हापासून 'मनीऑर्डरवर जगणारा प्रदेश' हे नाव चिकटलं ते अजून सुटलेलं नाही. पण मनीऑर्डरच्या काळात आणि आता फरक आहे. तेव्हा गावात बायको-मुलं होती, म्हणून दर महिन्याला पैसे यावेच लागायचे. आता कुटुंबच मुंबईत, गावी फक्त आई-वडील. पैसे येतात ते औषधाला, घराच्या दुरुस्तीला, देवळाच्या जीर्णोद्धाराला, आणि मोबाईलवरून, त्यामुळे पोस्टमनला विचारून उपयोग नाही.

माणसं आणि पैसा एकाच दिशेने चालतात हा समज सोडा. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. त्यातले कितीतरी गावी परतले. वाडीत तेव्हा माणसं वाढली होती. जुन्या माणसांना विचारा, ते दिवस भरभराटीचे होते का. याच्या उलट, माणसं कमी झाली आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला जास्त आलं, असंही होतं. तुमच्या प्रश्नाची गाठ नेमकी इथे आहे, म्हणून एक हिशोब मांडतो. आकडे समजुतीपुरते आहेत.

एका घरात सहा माणसं. भात, मजुरी, आंबा-काजू मिळून वर्षाला दीड लाख. दरडोई पंचवीस हजार. मग मोठा मुलगा, सून आणि धाकटा मुलगा मुंबईला गेले. शेती आवरली, मजुरी थांबली, गावातलं उत्पन्न साठ हजारांवर आलं. मुलं वर्षाला चाळीस हजार पाठवतात. एकूण एक लाख, माणसं तीन, दरडोई तेहेतीस हजार तीनशे. घराचं उत्पन्न एक तृतीयांशाने घटलं आणि दरडोई उत्पन्न एक तृतीयांशाने वाढलं! आराखड्यात नुसतं 'दरडोई उत्पन्नात ३३ टक्के वाढ' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल गावात काहीतरी पिकलं.

म्हणून दरडोईचा आकडा एकटा कधीच लिहू नका. शेजारी गावाचं एकूण उत्पन्न लिहा, आणि त्यातलं किती गावात निर्माण झालं आणि किती बाहेरून आलं ते वेगळं दाखवा.

उत्पन्न विचारायचं कसं, हा भाग सगळ्यात अवघड. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला बाजूला ठेवा. तो सवलतीच्या मर्यादेत बसवण्यासाठी काढलेला कागद आहे. त्यावर विश्वास ठेवला तर अख्खा तालुका एकाच पगारावर जगतो असं निघेल. थेट 'वर्षाला किती मिळतं' असं विचारलंत तर बागायतदार कमी सांगणार आणि लग्नाचा मुलगा घरात असेल तर जास्त सांगणार. मी उत्पन्न उगमाप्रमाणे, वस्तूच्या रूपात विचारतो. किती पेट्या वाशीच्या बाजाराला गेल्या, किती आंबा कॅनिंगला किलोवर घातला, काजू बी किती किलो विकली, कोणत्या महिन्यात. गडी कितीला आणि किती दिवस लावला. आंब्यात दोन चुका हमखास होतात. एक, पट्टीवरची (दलाल विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी देतो तिच्यावरची) रक्कम म्हणजे उत्पन्न धरणं. फवारण्या, राखण, तोडणी, खोके, गाडीभाडं, दलाली वजा केल्याशिवाय तो आकडा काही सांगत नाही. दुसरी, दलालाकडून हंगामाआधी घेतलेली उचल. ते कर्ज आहे, पण हातात रोकड येते म्हणून लोक ती कमाईत सांगतात आणि मग पट्टीतही तीच रक्कम पुन्हा मोजली जाते. बाग कराराने दिली असेल तर मालकाला फक्त कराराची रक्कम मिळते. करार घेणारा कुठल्या गावचा आहे ते विचारा, कारण नफा त्याच्याबरोबर जातो.

शिवाय हापूस एक वर्ष लागतो, एक वर्ष दगा देतो. एकाच वर्षाचा आकडा घेतला तर तुम्ही गावाचं नाही, त्या वर्षीच्या थंडीचं उत्पन्न मोजलेलं असतं. निदान तीन वर्षांची सरासरी घ्या. वादळ झालं असेल तर तेवढीही पुरत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीकडे नारळी-पोफळी उभ्याच्या आडव्या केल्या. तिथे नवं झाड धरायला लागेपर्यंत मधली वर्षं रिकामीच जातात.

एक श्रेय द्यायला हवं. आज गावात जे काही पिकतं त्यात १९९० मध्ये रोजगार हमीला जोडलेल्या फळबाग योजनेचा वाटा फार मोठा आहे. कातळावर आणि वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर तेव्हा लावलेली कलमं आज उत्पन्न देतायत. पण आंबा-काजूचं काम मोहोर ते मे एवढंच. बाराही महिने तरुणाला रोजचं काम मिळेल असं त्यातून झालं नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण तुम्हाला कुणीतरी देईलच. तिथे पोपटराव पवारांच्या काळात पाणी अडवलं आणि बाहेर गेलेली कुटुंबं परत आली, हे खरं. पण तिथे पाण्यामागून दूध आणि भाजीपाला आला, म्हणजे रोज आणि आठवड्याला हातात पैसा. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मार्चनंतर विहिरी तळ गाठतात. पाणी साठलं तरी ते भिजवणार काय? शेत सामाईक सातबाऱ्यावर चौदा सहहिस्सेदारांचं, त्यातले अकरा मुंबईत, आणि जे कसायला तयार आहेत त्यांचं भात रानडुकरं आणि भुईमूग वानरं खाणार. पड जमिनीचं कारण नेहमी 'आळशी कोकणी माणूस' असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही.

सरकारी पैसा वेगळ्या रकान्यात घ्या. श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचे महिना दीड हजार, पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि तेवढेच राज्याच्या नमो योजनेचे, जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे महिना दीड हजार, शिवाय रेशन. ज्या घरात फक्त सत्तरीतलं जोडपं राहतं, तिथे नियमित येणारा पैसा कित्येकदा यातलाच काही असतो. गावातल्या किराणा दुकानदाराला विचारा, उधारी कोणत्या तारखेला फिटते. उत्पन्नाचा याहून सरळ पुरावा मला अजून सापडलेला नाही.

नव्या घरांबद्दल तुम्ही विचारलंय. चिऱ्याचं नवं घर ही मुंबईतल्या बचतीची खूण आहे. पैसा गावातून जातो खरा, पण गवंडी बाहेरचा, फरशी आणि लाद्या शहरातल्या, गावात राहते ती थोडी मजुरी आणि पुढची घरपट्टी. गाड्यांचंही तसंच. गणपतीत नंबरप्लेट बघत एक फेरी मारा. एमएच-०८ किती आणि एमएच-०४, ०५, ४८ किती, म्हणजे ठाणे, कल्याण, वसई. चतुर्थीला मोजा आणि अनंत चतुर्दशीनंतर परत मोजा.

टक्केवारी टाळा. पाचशे-सहाशे वस्तीच्या गावात आठ माणसांचं एक घर हललं की दीड टक्का जातो. नऊ मुलांच्या शाळेतून दोन भावंडं गेली तर 'पटसंख्येत २२ टक्के घट' असा मथळा होतो. सरळ लिहा: दोन मुलं गेली, वडिलांना चिपळूणला काम लागलं.

तर उत्तर: तुमच्या गावातलं बहुतेक प्रत्येक कुटुंब तीस वर्षांपूर्वीपेक्षा बऱ्या स्थितीत असणार, पण ते कुटुंब आता गावात नाही. गावात राहिलेली अर्थव्यवस्था लहान झाली आहे आणि म्हातारी झाली आहे. आराखड्यात हे दोन वेगळ्या तक्त्यांत दाखवा, एकात मिसळू नका. यामागे निधीचाही प्रश्न आहे. वित्त आयोगाच्या पैशात लोकसंख्येचं वजन मोठं असतं. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून आजवर सगळा हिशोब २०११ च्या आकड्यावर चालला. पुढच्या जनगणनेची संदर्भवेळ १ मार्च २०२७ ठरली आहे, म्हणजे पुन्हा फेब्रुवारीचंच गाव मोजलं जाणार. आकडा आणखी घसरलेला दिसेल, त्याची तयारी आत्ताच ठेवा. गावच्या मुंबई मंडळाला, म्हणजे मुंबईतल्या गावकऱ्यांच्या संघटनेला हाताशी धरून सगळ्यांना फेब्रुवारीत गावी बोलावण्याची कल्पना कुणीतरी मांडेल. ती करू नका. खोट्या आकड्यावर मिळालेली शाळाखोली आणि टाकी सांभाळायला माणसं खरीच लागतात.

त्याऐवजी घरांची यादी करा आणि प्रत्येक घर चारपैकी एका वर्गात टाका: वर्षभर चूल पेटते आणि घरात साठीच्या आतलं माणूस आहे, चूल पेटते पण फक्त म्हातारी माणसं, कुलूप आहे पण सणाला उघडतं, कुलूप आहे आणि गेल्या तीन वर्षांत उघडलंच नाही. दुसऱ्या वर्गातली घरं पुढच्या दहा वर्षांत तिसऱ्यात जातील की चौथ्यात, यावर गावाचं पुढचं चित्र ठरतं, आणि ते कुठल्याही जनगणनेत मिळणार नाही. त्यासाठी मी यादीत एक जास्तीचा रकाना ठेवतो: कुलपाची किल्ली कोणाकडे आहे. किल्ली शेजारी असेल, तो पावसाआधी कौलं बघत असेल आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावत असेल, तर ते घर तिसऱ्या वर्गात लिहा. किल्ली मुंबईला असेल तर घरपट्टी कोण भरतं ते विचारा, आणि तीही थकलेली असेल तर चौथ्यात.